गाडी ३५ एमएम खाली बसवली आणि ताईची कंबर धरली, मधे नक्की काय झालं

एका रविवारी भाचा गाडी घेऊन भांडुपला आला. पुढच्या चाकाच्या वर आणि फेंडरच्या कडेत आधी चार बोटं जायची तिथे आता जेमतेम दीड बोट जातंय, १७ इंची अलॉय टाकलेत, आणि दिसायला गाडी खरंच देखणी झालीये, खोटं कशाला बोलू. पण मागच्या सीटवरून माझी ताई उतरली ती कंबर धरूनच. मुलुंडहून भांडुप म्हणजे अंतर ते किती, तेवढ्यात तिने ठरवून टाकलेलं की परत जाताना लोकलने जाणार. भाचा म्हणाला, "मामा, फक्त स्प्रिंग बदलल्यात, ३५ एमएम ड्रॉप आहे, शॉकअप ओरिजिनलच आहेत. थोडी हार्ड झालीये, पण वळणाला काय बसते ना!"

मी बावीस वर्षं सस्पेन्शनचंच काम करतो, असं वाक्य महिन्यातून दोन-चारदा तरी ऐकतो, आणि प्रत्येक वेळी समोरच्याची समजूत तीच असते की गाडी खाली आली म्हणून हार्ड झाली. तर हे नीट लिहूनच काढावं असं वाटलं, कारण नुसत्या उंचीने गाडी हार्ड होत नाही हो. १९५५ साली आलेली सिट्रोएनची डीएस बघा, नायट्रोजन भरलेले गोळे आणि तेल यांच्यावर तरंगणारी गाडी, चालताना अंगाने चांगली बुटकी, आणि आरामाच्या बाबतीत आजही लोक तिचं नाव काढतात. हार्ड होते ती जागा गेल्यामुळे. चाकाला वर यायला जी मोकळी जागा असते ना, ती. बाकी सगळं या एका गोष्टीच्या मागून येतं.

आता हे जागेचं प्रकरण समजून घ्या. रस्त्यावर उंचवटा आला की चाक वर उडणारच, त्याला पर्याय नाही. सस्पेन्शनचं काम एवढंच की चाक वर गेलं तरी तुम्ही जिथे आहात तिथेच राहावं. मधली स्प्रिंग दबते आणि तो दणका पोटात घेते, मग ती परत उसळू नये म्हणून शॉकअप त्या उसळीची तेलात घुसळून उष्णता करून टाकतो (लांबच्या प्रवासानंतर शॉकअपला हात लावून बघा, कोमट लागतो). पण स्प्रिंगला दबायला अंतर लागतं, आणि ते अंतर संपलं की मधे एक रबर असतं, बम्प स्टॉप, आपल्याकडे गॅरेजमध्ये नुसतं स्टॉपर म्हणतात, लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून ठेवलेलं. म्हणजे तीन टप्पे झाले: मोकळी जागा, मग रबर, मग दणका.

आकडे घेऊन बघू, गणित शाळेतलंच आहे. समजा एका चाकावरची स्प्रिंग अशी आहे की २ किलो वजन टाकलं की १ एमएम दबते, आणि गाडी नुसती उभी असताना रबरापर्यंत ६० एमएम जागा आहे. साध्या हॅचबॅकला हे आकडे फार चुकीचे नाहीत. आता गाडी ३५ एमएम खाली आणली. रबर होतं तिथेच आहे, शॉकअप तोच आहे, म्हणजे उरले किती, २५ एमएम. आणि गंमत इथे आहे की स्प्रिंग दणका पोटात घेते तो अंतराच्या वर्गाच्या हिशोबात घेते, सरळ हिशोबात नाही. जागा अर्धी झाली की तेवढाच दणका झेलायला स्प्रिंग दुप्पट कडक करून भागत नाही, चौपट कडक लागते. ६० चे २५ झाले तर ६० भागिले २५ म्हणजे २.४, त्याचा वर्ग जवळजवळ पावणेसहा. म्हणजे रबराला न लागता तोच खड्डा झेलायचा असेल तर पावणेसहा पट कडक स्प्रिंग पाहिजे! एवढी कडक स्प्रिंग रस्त्यावरच्या गाडीला कोणी लावत नाही, लावली तर दात पडतील. लोअरिंग स्प्रिंग असतात साधारण २०-३० टक्के कडक. मग उरलेला दणका कोण घेतं? रबर घेतं. आणि रबर थोडंसंच दबतं आणि मग एकदम घट्ट होतं, म्हणून तो ठक्क असा आवाज येतो आणि तुमच्या मानेपर्यंत पोचतो.

म्हणून लोक जेव्हा म्हणतात की लोअरिंग स्प्रिंग फार हार्ड आहेत तेव्हा मला सांगावंसं वाटतं की बाबांनो तुम्ही स्प्रिंगवर चालतच नाही आहात, तुम्ही रबरावर चालताय.

भाच्याच्या गाडीचं पुढचं डावं चाक काढलं आणि शॉकअपवरचं रबरी बूट (धूळ आत जाऊ नये म्हणून असलेली बाही) वर सरकवलं. आतला स्टॉपर पिवळट फोमचा असतो, एकावर एक वळ्या असल्यासारखा, नवा असताना बोटाने दाबला तर छान परत फुगतो. याचा खालचा अर्धा भाग गेलेला, आणि जो होता तो बोट लावल्यावर हातात भुगा होऊन आला, शिळ्या खारीसारखा. पिस्टन रॉडवर पिवळी पूड चिकटलेली आणि वरच्या सीलपाशी तेलाचा ओलसर काळा डाग. फक्त अडीच महिन्यांत. ओरिजिनल उंचीवर हाच स्टॉपर वर्षानुवर्षं टिकतो कारण त्याला रोज काम नसतं, एखाद्या दिवशी खोल खड्डा चुकला नाही तर तेव्हा असतं. इथे त्याला दर पाच मिनिटांनी कामाला लावलेला.

आणि ताईचं काय झालं ते तर अजून सरळ आहे. मागे ताई, भावजी आणि आजी, वर डिकीत सामान. मागच्या चाकांवर समजा १५० किलो जास्तीचे आले. मागे दोन स्प्रिंग, नव्या कडक वाल्या, दोन्ही मिळून साधारण ५.२ किलोला १ एमएम. म्हणजे मागची बाजू २९ एमएम खाली गेली. आणि जागा होती किती, २५! म्हणजे सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडायच्या आधीच गाडी मागे रबरावर टेकून बसलेली, आणि मग तशीच एलबीएस रोडने निघाली, पेव्हर ब्लॉकवरून, बसलेल्या चेंबरच्या झाकणांवरून. जुन्या स्प्रिंगवर तेच वजन टाकलं तर गाडी ३७-३८ एमएम खाली जाते, म्हणजे जास्तच जाते, पण ६० मधून जाते म्हणून २२ उरतात. भाचा स्वतः एकटा पुढे बसून गाडी चालवतो, त्याला हे कधी कळणारच नाही, त्याच्या बाजूने तो खरंच बोलत होता. लोअर केलेली गाडी एकट्याने चालवून कधी ठरवू नका, मागे तीन माणसं बसवा आणि तुम्ही स्वतः मागे मधल्या सीटवर बसून या, मग बोला.

दुसरी गोष्ट लयीची. प्रत्येक गाडीला स्वतःची एक लय असते, बोनेट दाबून सोडलं की ती ज्या वेगाने वर-खाली होते ती. साधी घरगुती गाडी सेकंदाला एक ते दीड वेळा हलते, स्पोर्टी गाड्या दीडच्या पुढे, रेसच्या दोनच्या वर. माणसाला एक-दीडची लय सोसते, आपण सावकाश चालतो तेव्हा अंग साधारण तशाच संथ लयीत वर-खाली होत असतं. पण सेकंदाला ४ ते ८ वेळा जे हादरे येतात ना, ते माणसाला सगळ्यात जास्त बाधतात, बसलेल्या माणसाचं पोट, छाती, पाठीचा कणा या लयीला स्वतःच थरथरायला लागतात. आयएसओ २६३१ नावाचं मानक आहे, अंगाला बसणारे हादरे मोजण्याचं, त्यातही उभ्या हादऱ्यांसाठी याच पट्ट्याच्या आसपास सगळ्यात जास्त वजन धरतात.

आता हे मुंबईत कुठे भेटतं? सिमेंटच्या रस्त्यावर. काँक्रीटच्या रस्त्याला साधारण साडेचार मीटरवर आडवा सांधा कापलेला असतो, तडा नीट सरळ जावा म्हणून. ताशी ८० ने गेलात तर सेकंदाला २२ मीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ पाच सांधे. पुण्याला जाताना एक्स्प्रेसवेच्या सिमेंटच्या पट्ट्यात १०० ने गेलात तर सहा. बरोब्बर त्याच वाईट पट्ट्यात. मऊ स्प्रिंगची गाडी हे सांधे बऱ्यापैकी गाळून टाकते, स्प्रिंग ३० टक्के कडक केली की तेच हादरे साधारण तेवढ्याच मापाने जास्त आत येतात, आणि रबरावर टेकलेली गाडी असेल तर विचारूच नका, गाळणीच राहिली नाही. म्हणून लोअर केलेल्या गाडीत पुण्याला पोचल्यावर माणूस उगाच थकलेला असतो, एकही मोठा खड्डा न लागता. कारण विचारलं तर सांगता येत नाही, नुसतं अंग आंबल्यासारखं होतं.

पेव्हर ब्लॉकचं वेगळं आहे. ते बारीक बारीक आणि जवळजवळ असतात, त्यामुळे ताशी २० ने गेलं तरी सेकंदाला पंचवीस-तीस ठोके बसतात. हे काम स्प्रिंगचं नाहीच मुळात, हे टायर आणि रबरी बुशचं (सस्पेन्शनच्या सांध्यांत बसवलेली रबरं) काम. आणि इथे भाच्याने दुसरी चूक केली होती, जी जवळजवळ सगळेच करतात, गाडी खाली केली की सोबत मोठे रिम. आधी १८५/६५ आर१५ होते, म्हणजे १८५ एमएम रुंदीच्या ६५ टक्के, टायरची भिंत १२० एमएम. आता २०५/४५ आर१७, भिंत ९२. बाहेरून चाक जवळपास तेवढंच, पण हवेची गादी २८ एमएमने कमी, आणि रिम जड. जड चाक एकदा उडालं की त्याला आवरायला शॉकअपला जास्त कष्ट. त्यात त्याने मायलेजसाठी हवा ३३ ऐवजी ३८ भरलेली. मी सगळ्यात आधी ती हवा उतरवली, दहा मिनिटांचं काम, आणि तेवढ्यानेच पेव्हर ब्लॉकची ती खरखर कमी झाली असं त्यालाच वाटलं.

शॉकअपबद्दल एक प्रामाणिकपणे सांगतो, कारण याच्यावर फार काही बाही बोललं जातं. लोक म्हणतात नवीन स्प्रिंग आणि जुना शॉकअप जमतच नाही. स्प्रिंग ३० टक्के कडक झाली तर ओरिजिनल शॉकअपची पकड हिशोबाने साधारण १२ टक्क्यांनीच कमी पडते, नव्या शॉकअपला एवढं काही जाणवायचं नाही. पण आपल्याकडे स्प्रिंग बदलतात कधी, गाडी चाळीस-पन्नास हजार किलोमीटर मुंबईत फिरल्यावर. शॉकअप आधीच थकलेला, त्याला आता रोज जोराने उसळणारी स्प्रिंग धरायचीये, शिवाय पिस्टन नेहमीपेक्षा खाली बसून त्याच एका जागेत घासतोय. मग गाडी उंचवट्यानंतर एकदा बसून गप्प राहत नाही, दोन-तीन वेळा डुलते. फ्लायओव्हरच्या जोडावर हे ओळखता येतं. पहिला ठोका झाला की मोजा, त्यानंतर बोनेट परत किती वेळा वर येतंय. एकदा येऊन थांबलं तर ठीक. दोनदा आलं तर शॉकअप संपलाय, स्प्रिंग कुठलीही असो.

पुढच्या-मागच्या लयीचाही एक जुना धडा आहे जो मला फार आवडतो. मॉरिस ऑली म्हणून इंजिनियर होता, रोल्स-रॉईसमधून अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला, १९३० च्या दशकात त्याने एक गाडी अशी बनवून घेतली की जिच्या पुढे-मागे वजनं सरकवता येतील आणि स्प्रिंगही बदलता येतील, आणि त्यात माणसं बसवून फिरवलं. त्याला दिसलं की मागची लय पुढच्यापेक्षा जरा जलद ठेवली तर गाडी सपाट राहते. कारण साधं आहे, उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला थोड्या वेळाने. अडीच मीटरचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) आणि ताशी ६० वेग धरला तर सेकंदाचा सातवा हिस्सा उशीर. मागची बाजू जलद असली की ती धावत जाऊन पुढच्या बाजूला गाठते आणि दोन्ही एकत्र वर-खाली होतात. नाहीतर गाडी होडीसारखी नाक वर, शेपूट खाली करत राहते, आणि हे माणसाला नुसतं वर-खाली होण्यापेक्षा फार त्रासाचं वाटतं. गाडी बनवणारे हा मेळ बसवण्यात महिनेच्या महिने घालवतात. आणि आपण काय करतो, पुढे फेंडरची जागा जास्त दिसते म्हणून फक्त पुढच्या दोन स्प्रिंग बदलतो. तो मेळ गेलाच म्हणून समजा.

स्प्रिंग कापण्याबद्दल आता बोलतो आणि जरा कळकळीने बोलतो. सहा काम करणाऱ्या वळ्यांतली एक कापली की पाच उरतात, स्प्रिंग आपोआप २० टक्के कडक होते, त्यामुळे लोकांना वाटतं वा, फुकटात लोअरिंग स्प्रिंग झाली. पण टोकाची वळी बसकीत बसायसाठी वाकवलेली असते, ती गेली की स्प्रिंग बसकीत नीट बसत नाही. गॅसने कापली किंवा तापवून बसवली तर त्या पोलादाचं पाणीच उतरतं, पुढे ती कधी मोडेल याचा भरवसा नाही. आणि सगळ्यात वाईट, लांबी कमी झाल्यामुळे चाक जेव्हा पूर्ण खाली लोंबतं, खोल खड्ड्यात, तेव्हा स्प्रिंग सैल सुटते. माझ्याकडे अशी गाडी जॅकवर घेतली की मी मालकाला बोलावतो आणि त्याच्याच हाताने ती स्प्रिंग हलवून दाखवतो, खुळखुळ्यासारखी हलते. चालत्या गाडीत ती जागेवरून सरकली तर काय होईल ते सांगावं लागत नाही, बहुतेक जण त्याच दिवशी काढून टाकतात. कापलेल्या स्प्रिंगची गाडी घरच्यांना घेऊन चालवू नका. अजिबात.

मग वळणाला गाडी भारी बसते ते काय खोटं? नाही, खोटं नाही. गुरुत्वमध्य ५५० एमएमवरून ५१५ वर आला तर वळणात आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर जाणारं वजन साधारण ६ टक्क्यांनी कमी होतं. सहाच टक्के. जे झुकणं कमी झाल्यासारखं वाटतं त्यातलं बरंचसं कडक स्प्रिंगमुळे आणि कमी भिंतीच्या टायरमुळे वाटतं, खाली आल्यामुळे नाही. उलट आपल्या बहुतेक गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात) असतो, त्यात लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, आधी बाहेरच्या टोकाला किंचित खाली उतरलेला असतो, गाडी खाली आली की तो आडवा होतो, फार खाली आणली तर उलटा वर चढतो. मग ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली घसरतो, आणि झुकायला लावणारा तरफेचा हात उलट वाढतो. वर स्टिअरिंगचा टाय रॉड (चाक वळवणारी दांडी) आणि लोअर आर्म यांचे कोन जुळेनासे झाले की खड्ड्यावर चाक स्वतःहून थोडं वळतं, सरळ रस्त्यावर गाडी इकडेतिकडे हुंगत चालल्यासारखी वाटते. कोस्टल रोडवर किंवा अटल सेतूवर, जिथे रस्ता गुळगुळीत आहे, तिथे लोअर गाडी खरंच मजा देते, पण तुम्ही महिन्यातून किती वेळा तिथे असता आणि किती वेळा जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर असता ते तुम्हीच मोजा.

स्पीड ब्रेकरचं सगळे विचारतात म्हणून थोडक्यात. इंडियन रोड्स काँग्रेसने सांगितलेला नीट गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असतो, १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा. २४५० एमएम व्हीलबेसची स्विफ्ट त्यावर पूर्ण चढली की चारही चाकं त्याच गोलाईवर असतात, पोटाखाली फक्त ४४ एमएमचा फुगवटा येतो. तिचा ग्राउंड क्लिअरन्स (पोट आणि जमीन यांच्यातली जागा) १६३, म्हणजे ३५ ने खाली केली तरी १२८ उरतात, आरामात जाईल. त्रास देतो तो गल्लीतला, रात्रीत डांबर ओतून केलेला, हातभर रुंद आणि बारा सेंमी उंच. तिथे १६३ वाली चार सेंमी राखून जाते, १२८ वाली मागे माणसं बसली की घासते, तिरकी घेतली तरी घासते. पोडियम पार्किंगच्या रॅम्पचा वरचा कोपराही तसाच. आणि पावसात पाणी साचलं की त्याच ३५ एमएमने पाणी लवकर आत येतं, अंधेरी सबवेच्या तोंडाशी उभं राहून हा हिशोब करायची वेळ येऊ देऊ नका.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या नोंदी कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळ्या ठरतील असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. विमा कंपनीला न कळवता बदल केला तर क्लेमच्या वेळी तोच मुद्दा निघू शकतो, वॉरंटीचंही तेच. आधी विचारून घ्या, लेखी.

तरीही ज्यांना करायचंच आहे त्यांच्याशी मी भांडत नाही, आवड असते माणसाची. एवढंच म्हणतो की आधी जागा मोजा. पन्नास पैशांची प्लास्टिकची झिप टाय घ्या. गाडी चाकांवर उभी असताना शॉकअपचं बूट वर सरकवून ती टाय पिस्टन रॉडला अशी आवळा की जोर लावला तर सरकेल, आणि खाली शॉकअपच्या तोंडाला टेकवून ठेवा. टायपासून रबरापर्यंतचं अंतर मोजा, ही तुमची मोकळी जागा. मग घरची माणसं बसवून रोजच्या रस्त्याने एक फेरी मारा. शॉकअप दबला की टाय वर ढकलली जाते आणि तिथेच राहते. परत येऊन बघा ती कुठे थांबलीये. रबराला चिकटून बसली असेल तर तुमची ओरिजिनल गाडीही या रस्त्यावर पूर्ण जागा वापरतेय, त्यातली ३५ एमएम तुम्ही कुठून देणार? रबराच्या खाली १५-२० एमएम उरले असतील तर तेवढंच तुमच्या हातात आहे.

आणि बसवताना दोन गोष्टी जरूर सांगा मेकॅनिकला. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबत असताना आवळायचे नाहीत, गाडी जमिनीवर, चाकांवर वजन असताना आवळायचे. नाहीतर ते रबर कायम पीळ पडलेलं राहतं, राइड कडक होते आणि बुश काही महिन्यांत फाटतं, आणि शिव्या खातात स्प्रिंग. दुसरं, अलाइनमेंट दोनदा, एकदा लगेच आणि एकदा पाचशे-हजार किलोमीटरनंतर, कारण नव्या स्प्रिंग थोड्या बसतात. टायर आतून खाल्ले जातात तेव्हा सगळे कॅम्बरला (चाकाचं आत-बाहेर कलणं) दोष देतात, खरा खाणारा बहुतेक वेळा टो (चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं) असतो. महागातला कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग आणि शॉकअपचा जोड) घेत असाल तर तो घ्या ज्यात उंची खालचा ब्रॅकेट फिरवून बदलते, नुसती स्प्रिंगची बसक खाली-वर करून नाही. पहिल्या प्रकारात शॉकअपच्या आतली जागा शाबूत राहते, मग फक्त टायर फेंडरला लागतोय का तेवढं बघायचं.

भाच्याने शेवटी ३५ च्या स्प्रिंग काढल्या. २० एमएमचा सेट घेतला, पुढच्या-मागच्या चारही स्प्रिंग आणि त्यांच्याशी जुळवलेले शॉकअप, नवीन स्टॉपर, आणि १५ इंची रिम परत चढवले, ते काढताना मात्र त्याचं तोंड उतरलेलं. शनिवारी संध्याकाळी आम्ही पाच जण बसून मुलुंड चेकनाक्यापर्यंत जाऊन आलो, ताई मागेच होती, मधल्या सीटवर. परत आल्यावर बूट सरकवून टॉर्च मारला. पुढची टाय रबराच्या ९ एमएम खाली थांबलेली, मागची ४. मागचे ते ४ मला कमी वाटतात. पुढच्या अलाइनमेंटला येईल तेव्हा परत मोजतो.